गोड्या पाण्यातली फायबर बोट
(प्रस्तावना)

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. आणि पाणी आले की नाव आली. नाचणगाव-पुलगावच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीवर वरच्या अंगाला निम्न वर्धा आणि त्याच्याही वर मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा अशी दोन मोठी धरणे आहेत. जिल्ह्यातच बोर आणि धाम प्रकल्पांचे जलाशय आहेत. या पाण्यावर भोई आणि ढिवर समाजाची माणसे मासे धरतात, पर्यटक फेरी मारतात, आणि नदीला पूर आला की बचाव पथके अडकलेल्यांना काढायला निघतात. विदर्भाच्या पाण्यावर पूर्वी लाकडी डोंगा चाले. आता त्याच्या जागी फायबरची बोट येते आहे. ती हलकी असते, कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही. म्हणून घेणारा निर्धास्त असतो. काही वर्षांनी तिच्या बुडाला वाटाण्याएवढे, मग रुपयाएवढे फोड दिसू लागतात आणि काय करावे हे सांगणारे जवळपास कोणी नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे.

नावेचा खरा शत्रू खारे पाणी, असे आपण धरून चालतो. लाकडी जहाजाच्या आणि लोखंडी बार्जच्या बाबतीत ते बरोबरही आहे. समुद्रातले किडे लाकूड पोखरतात, मिठाने लोखंड गंजते. फायबरच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. फायबर बोटीच्या बुडाला फोड आणण्यात गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अधिक तरबेज असते, आणि ते पाणी कोमट असेल तर काम आणखी लवकर होते. म्हणजे मालवण किंवा हर्णै इथल्या बोटीपेक्षा उन्हाळ्यात तापलेल्या धरणात वर्षभर उभ्या असलेल्या बोटीला या दुखण्याचा धोका जास्त. ही एक गोष्ट नीट उमगली की पुढचे सारे शास्त्र सोपे होते.

नववी-दहावीच्या विज्ञानात आपण सर्वांनी मनुकेचा प्रयोग केलेला असतो. साध्या पाण्यात टाकलेली मनुका फुगते, साखरेच्या घट्ट पाकात टाकलेली फुगत नाही. मनुकेच्या सालीतून पाणी आत जाते, आतली साखर बाहेर येत नाही. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे पाणी ओढले जाते. याला परासरण म्हणतात. फायबर बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराला जेलकोट म्हणतात. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि आपल्याला वाटतो तितका जलाभेद्य नसतो. पाण्याचे रेणू त्यातून अगदी सावकाश आत झिरपतात. आतल्या काचतंतू आणि रेझिन यांच्या थरात पूर्ण न जमलेले रेझिन, उरलेले ग्लायकॉल, काचतंतूंच्या चटईचे (मॅटचे) तंतू एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ असे काही पाण्यात विरघळणारे शिल्लक असेल, तर तिथे द्रावणाचा बारीकसा थेंब तयार होतो. तो थेंब बाहेरचे आणखी पाणी ओढू लागतो, दाब वाढतो आणि जेलकोट वर उचलला जातो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या द्रावणांतला फरक तिथे कमी पडतो. धरणाच्या पाण्यात क्षार नाममात्र, म्हणून ओढ जास्त. पुढे पाणी पॉलिएस्टर रेझिनच्या रासायनिक साखळ्याही तोडू लागते. त्यातून आम्ल आणि ग्लायकॉल सुटतात आणि पुढच्या फोडाला खाद्य मिळते. म्हणूनच हे दुखणे एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही.

असा एक फोड उघडताना कसा दिसतो, ते इथेच सांगून ठेवतो. पॉलिश पेपर लावण्याआधी टोच्याने टोक मारले की आतले पाणी दाबाने पिचकारीसारखे उडते. डोळ्यांवर चष्मा नसेल तर ते नेमके डोळ्यांत जाते. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो. दोन बोटांत घेऊन चोळले तर ते बुळबुळीत, चिकट लागते. साधे पाणी असे लागत नाही. वास आणि चिकटपणा या दोन खुणा पटल्या की हा परासरणाचा फोड आहे, नुसता रंग सुटलेला नाही, हे ओळखता येते. फोडाखालचे तंतू पांढरे, कोरडे, रेझिन न मुरलेले दिसले तर दोष बोट बनवतानाच राहिला होता हेही कळते.

हा विषय समजायला थोडा इतिहास हवा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जिच्यातून १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाची पहिली प्रदक्षिणा केली, ती ‘सुहेली’ ही नावही मुंबईत सागवानातच घडली होती. लाकडाच्या नावेचे सारे ज्ञान सुताराच्या हातात होते. फट कुठे भरायची, राळ-तेल कधी लावायचे, फळी केव्हा बदलायची, हे बापाकडून मुलाकडे जात असे. फायबरला अशी पिढीजात परंपरा नव्हती. काचतंतूंचे उत्पादन अमेरिकेत १९३०च्या दशकात सुरू झाले, पॉलिएस्टर रेझिन त्याच दशकात आले, आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोतल्या रे ग्रीन यांनी या दोहोंची छोटी नाव बनवली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिडाच्या मोठ्या नौकाही साच्यातून एकामागून एक निघू लागल्या. साच्यातून बोट काढायला सुताराच्या पिढ्या लागत नाहीत, थोड्या शिक्षणावर माणूस हे काम करू शकतो. ही सोय मोठी होती, पण तिची किंमत पुढे मोजावी लागली. घाईने भरलेला थर, रेझिन जमवणारा हार्डनर कमी टाकणे, दमट शेड, यांचे परिणाम काही वर्षांनी पाण्याखाली दिसू लागले. १९७०-८०च्या दशकांत युरोप-अमेरिकेत फोडांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकी तटरक्षक दलासाठी ऱ्होड आयलंड विद्यापीठातल्या थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांनी त्याची कारणे शोधणारा अहवाल १९८७ मध्ये दिला. फोड हा नुसता डाग नाही, रसायनशास्त्राचा विषय आहे.

आपल्याकडे या कलेचा सर्वांत देखणा नमुना गोव्यात आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतू व इपॉक्सी, अशी तिची बांधणी आहे. हीच नौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने जगाची प्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच नौकेतून न थांबता फेरी पूर्ण केली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ही त्याच कारखान्यात घडली आणि वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तिच्यातून जग पालथे घातले. मांडवीच्या काठी आपल्या माणसांनी काचतंतू आणि रेझिन शिस्तीने हाताळले, तर ते दक्षिण महासागराच्या लाटांनाही पुरून उरते, याचा हा पुरावा आहे. धरणावरच्या पंधरा फुटी बोटीला त्याच शिस्तीचा छोटा भाग पुरेसा आहे. फक्त ती शिस्त कोणीतरी मराठीत सांगायला हवी.

फोडांवरच्या उपायांत जगभर ढोबळमानाने तीन पंथ दिसतात. पहिला पंथ सोलणाऱ्यांचा. त्यांच्या मते एका फोडामागे न दिसणारे दहा असतात, म्हणून पाण्याखालचा सारा जेलकोट काढावा, बूड धुऊन-वाळवून घ्यावे आणि इपॉक्सीचे पाच-सहा हात देऊन नवा अडसर उभा करावा. खराब थर जास्त खोल गेला असेल तर व्हिनाइलएस्टर किंवा इपॉक्सीत काचतंतूंचे नवे थर चढवावेत. दुसरा पंथ डागडुजीवाल्यांचा. ते म्हणतात, बहुतेक फोड जेलकोटच्या लगत असतात, त्यांनी बोट एका रात्रीत बुडत नाही. दर वर्षी पाण्याबाहेर काढून नवे फोड उघडावे, धुवावे, वाळवावे, इपॉक्सीची लांबी भरावी आणि वापर चालू ठेवावा. तिसरा पंथ मुळातच दुखणे होऊ नये म्हणणाऱ्यांचा. बोट बनवतानाच जेलकोटच्या मागे पहिला थर व्हिनाइलएस्टरचा द्यावा, पाण्याखालच्या भागात साध्या ऑर्थोफ्थॅलिक रेझिनऐवजी आयसोफ्थॅलिक रेझिन वापरावे, मॅट पावडरने बांधलेली घ्यावी आणि विकत घेणाऱ्याने हे सारे ऑर्डर देतानाच लिहून घ्यावे. हे पुस्तक तिन्ही पंथांचे ऐकते, पण कल स्पष्ट ठेवते. नवी बोट घेणाऱ्याने तिसऱ्याचे ऐकावे. ज्याच्याकडे मासेमारीची छोटी बोट आहे त्याने दुसऱ्याचे. आणि माणसे वाहून नेणारी, बूड सर्वत्र फोडांनी भरलेली बोट असेल तर पहिल्याला पर्याय नाही. मला हा कल योग्य वाटतो. हातावर पोट असलेल्याला संपूर्ण बूड सोलायला सांगणे अन्यायाचे आहे, आणि प्रवासी बोटीवर लांबी फासून वेळ मारून नेणे धोक्याचे.

महाराष्ट्रात या विषयाचे दोन हवामान-प्रदेश आहेत आणि दोन्हींची अडचण वेगळी आहे. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि दुरुस्तीला मोकळा वेळ नेमका तेव्हा मिळतो, जेव्हा हवा पाण्याने भिजलेली असते. दमट हवेत रेझिन नीट जमत नाही, इपॉक्सीवर मेणचट साय धरते, थर सुकल्यासारखा दिसतो पण आत ओलावा बंद होतो. तिथे बूड वाळवायचे तर पावसाळ्याच्या आधीचा महिना गाठावा लागतो. विदर्भात गोष्ट उलट. इथले पाणी फायबरला जास्त कठोर आहे, पण इथले ऊन हे औषध आहे. थंड देशांतल्या कारखान्यांत बूड वाळवायला हीटर आणि हवा कोरडी करणारी यंत्रे महिनोन्‌महिने चालवतात. वर्ध्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि धरणांतले पाणीही उतरलेले असते. बोट काठावर उलटी करून सावलीत, वारा लागेल अशी ठेवली तर निसर्ग ते काम फुकट करतो. सावलीत अशासाठी की थेट उन्हाने जेलकोट भुरभुरीत होतो.

मात्र नुसते वाळवणे पुरत नाही, आणि अनेक दुरुस्त्या इथेच फसतात. फोडातले ग्लायकॉल हवेत उडून जात नाही. ते तिथेच बसते आणि पुन्हा ओलावा ओढते. म्हणून फोड उघडल्यावर आधी गोड्या, शक्यतो गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, मग वाळवायचे. वाळले की नाही हे पाहायला महागडे यंत्रच हवे असे नाही. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बुडाला घट्ट लावून उन्हात ठेवावा. आतून घाम धरला तर बूड अजून ओले आहे.

विदर्भाच्या उन्हाचे एक दुखणेही आहे. चाळीस अंशांत रेझिन झपाट्याने जमते, भांड्यातच धूर येतो, म्हणून कारागीर हार्डनर कमी टाकतो. पॉलिएस्टरला सामान्यतः वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर लागतो. त्याहून कमी टाकला की थर वरून कडक दिसतो, पण आतले रेझिन अर्धवट राहते, आणि तेच अर्धवट रेझिन पुढच्या फोडाचे बीज ठरते. उपाय साधा आहे. काम पहाटे सुरू करावे, इपॉक्सी वापरत असाल तर तिचा उन्हाळ्यासाठी मिळणारा सावकाश जमणारा हार्डनर मागवावा, थोडे थोडे कालवावे आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ओतावे. पांढरी मॅट रेझिन मुरताच पारदर्शक होते. रोलर फिरवताना जिथे पांढरेपणा उरेल तिथे हवा आहे, तिथे पुन्हा फिरवावे. या एका नजरेवर दुरुस्ती टिकते किंवा फसते.

भोक किंवा चीर पडली असेल तर आणखी एक नियम पाळायचा. कडा सरळ कापून तुकडा बसवला तर तो निघून येतो. कडा उतरती घासावी लागते. थर एक सेंटिमीटर जाड असेल तर उतार दहा-बारा सेंटिमीटर लांब हवा. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरते. इपॉक्सीवर मात्र पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, म्हणून इपॉक्सीची दुरुस्ती रंगानेच झाकावी. घासण्याआधी एसीटोनने पुसून घ्यावे, नाहीतर वरचे मेण घासण्याबरोबर आत दाबले जाते. हे छोटे नियम आहेत, पण जो विसरतो त्याला तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागते.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का? कारण बोटी लाकडाकडून फायबरकडे वेगाने वळत आहेत. चांगले सागवान परवडत नाही, लाकडी नावेचे जुने सुतार कमी होत चालले आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजनांनी नव्या बोटी घेणे अनेकांना शक्य झाले. पण अनुदान बोट घेऊन देते, ती टिकवण्याचे ज्ञान देत नाही. फोड आलेली बोट काठावर टाकून नवी घ्यावी असे म्हणणे सोपे आहे, पण फायबर कुजत नाही आणि त्याचे पुन्हा काही बनवणे अवघड आहे. टाकून दिलेले बूड पुढच्या पिढीच्या काठावर तसेच पडून राहते, आणि जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून बोट जितकी वर्षे चालेल तितके तिचे मालक, गाव आणि नदी या तिघांचेही भले. शिवाय पुरात माणसे काढणारी बोट ऐन वेळी गळकी निघणे कोणालाही परवडणारे नाही.

काम करणाऱ्या माणसाची काळजी हा या पुस्तकाचा मला सर्वांत भावलेला भाग आहे. आपल्याकडे बुडाखाली आडवा होऊन ग्राइंडर मारणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधतो आणि त्यालाच मास्क समजतो. काचेची बारीक धूळ फुप्फुसात जाते, पॉलिएस्टरमधली स्टायरीनची वाफ डोके जड करते, इपॉक्सी हाताला वारंवार लागली तर त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि पॉलिएस्टरचा हार्डनर व रेझिन लवकर जमवणारा कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच दुसरा. पुस्तकात हे मागच्या पानावर ढकललेले नाही, प्रत्येक कामाच्या सुरुवातीला सांगितले आहे. ते तसेच हवे.

हे पुस्तक कारखानदारांसाठी लिहिलेले नाही. ज्याच्या नावावर एक बोट आहे, ज्या संस्थेकडे तीन-चार आहेत, जो आयटीआयमधून बाहेर पडून गावात काही कसब शोधतो आहे, तो याचा वाचक. लेखकांनी बाजारात खरोखर मिळणाऱ्या वस्तूंची नावे दिली आहेत, बंदरांवर आणि धरणांवर बोलले जाणारे शब्द वापरले आहेत आणि जिथे शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत तिथे ते लपवलेले नाहीत. पुस्तक वाचून कोणी ‘म्हादेई’ बांधायला निघणार नाही. पण स्वतःच्या बोटीचे बूड वाचता येणे, कारागिराला योग्य प्रश्न विचारता येणे आणि छोटी दुरुस्ती स्वतःच्या हाताने करता येणे, एवढे नक्की साधेल.

वाचकांना एक विनंती. यंदा बोट पाण्याबाहेर काढाल तेव्हा ती सुकण्याची वाट पाहू नका. बूड ओले असतानाच फोड नीट दिसतात, वाळले की ते बसतात आणि सापडत नाहीत. त्याच दिवशी प्रत्येक फोडाभोवती खडूने वर्तुळ करा, नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो तिथेही खूण करा, वहीत तारीख आणि संख्या लिहा. बोटीच्या आत साचलेले पावसाचे पाणीही रोज उपसत चला. आतल्या बाजूला जेलकोट नसतो, तिथून पाणी आणखी सहज शिरते. पुढच्या वर्षी तीच वही उघडून आकडे ताडून पाहा. फोड वाढले की थांबले, हे तुमची स्वतःची वहीच सांगेल, आणि मग या पुस्तकातला कोणता मार्ग तुमचा, हे ठरवायला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.